काचेवरची पावलं : चाल मोजणारं यंत्र दोन वर्षं वापरल्यावर

प्रयोगशाळेतल्या उंदरांची चाल मोजणं हे माझं काम आहे. मागच्या पायाला जाणारी सायटिक नर्व्ह चिमट्यात दाबली, किंवा कापून पुन्हा शिवली, की पुढचे बारा आठवडे तो पाय किती परत येतो ते टिपायचं. एखाद्या उपचाराचा उपयोग झाला की नाही, हे शेवटी त्या टिपणावर ठरतं. सात वर्षं मी हे शाई आणि कागदावर केलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे काचेचं यंत्र आलं. ते घ्यावं की नाही असा विचार ज्यांच्याकडे चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. या प्रकारची यंत्रं साधारण एकाच तत्त्वावर चालतात, आणि माझ्या बहुतेक तक्रारी त्या तत्त्वाबद्दलच्याच आहेत.

आधी यंत्र कसं आहे ते सांगते. एक लांब, अरुंद बोळ आणि खाली जाड काच. काचेच्या कडेतून आत हिरवा प्रकाश सोडलेला असतो. तो काचेच्या आतल्या आतच परावर्तित होत राहतो, बाहेर पडत नाही. पंजा टेकला की तेवढ्याच जागी प्रकाश निसटतो आणि खालून बघितलं तर पंजा हिरवा उजळलेला दिसतो. वर मंद तांबडा दिवा, त्यात उंदराची आकृती उमटते. खाली कॅमेरा, सेकंदाला १०० चित्रं टिपणारा. खोलीत पूर्ण अंधार. उंदीर या टोकाकडून त्या टोकाच्या पेटीकडे दोन-तीन सेकंदांत निघून जातो आणि पडद्यावर चारही पायांचा हिशोब उभा राहतो.

पहिल्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. निरोगी उंदराचा मागचा पंजा संथ करून बघा. पंजाच्या गाद्या टेकतात, बोटं उघडत जातात, मग सगळा भार पुढे सरकतो आणि उचलताना बोटांची टोकं सगळ्यात शेवटी विझतात. वेगात चालताना टाच काचेला बहुतेक लागतच नाही. सात वर्षं मी या सगळ्याचा एकच सपाट डाग बघत होते. तो डाग कुठल्या क्रमाने तयार होतो, कुठे जोर पडतो, कुठे किती वेळ रेंगाळतो, हे मला पहिल्यांदा दिसलं. यंत्राबद्दल पुढे बरंच टोचून लिहिलंय, पण त्या दिवशीचा आनंद खरा होता आणि अजून ओसरलेला नाही.

शाईची पद्धत ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी थोडं. १९८२ मध्ये डी मेडिनासेली आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पाऊलठशांवरून सायटिक नर्व्हचं काम आकड्यात मांडायची पद्धत दिली. त्यांनी एक्सरे फिल्मवर डेव्हलपर वापरून ठसे घेतले होते. पुढे लोक साध्या कागदावर आणि शाईवर आले. कुणी ब्रोमोफेनॉल ब्लू लावलेला कागद आणि पाण्यात भिजवलेले पंजे वापरले. ठशावर तीन मापं घ्यायची : ठशाची लांबी, पहिल्या ते पाचव्या बोटामधलं अंतर, दुसऱ्या ते चौथ्या बोटामधलं अंतर. दुखावलेल्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करायची. १९८९ मध्ये बेन, मॅकिनन आणि हंटर यांनी सूत्र सुधारलं, आणि आज बहुतेक जण तेच वापरतात. शून्याच्या आसपास म्हणजे निरोगी, उणे १०० म्हणजे पाय पूर्ण गेलेला. यालाच आम्ही एसएफआय (सायटिक फंक्शनल इंडेक्स) म्हणतो.

या सूत्राच्या आत एकदा डोकावून बघा, कारण यंत्राची बाजू समजायला त्याची गरज पडते. लांबीच्या फरकाला ३८.३ ने गुणलंय, दुसऱ्या-चौथ्या बोटाच्या अंतराला १३.३ ने, आणि पहिल्या-पाचव्या बोटाच्या अंतराला तब्बल १०९.५ ने. शेवटी ८.८ वजा. म्हणजे दोन्ही पाय तंतोतंत सारखे असले तरी उत्तर शून्य येत नाही, उणे ८.८ येतं. नवीन मुलं हे बघून घाबरतात, तेव्हा मी त्यांना सूत्र उलगडून दाखवते. आणि चांगल्या पायाची बोटं १६ मिलिमीटर फाकत असतील, तर दुखावलेल्या पायावर मापायला १ मिलिमीटर चुकलं की निर्देशांक जवळजवळ ७ अंकांनी हलतो. सगळा भार बोटं किती फाकतात त्यावर आहे.

त्याला कारणही आहे. नर्व्ह दाबली की तंतू खालच्या बाजूला मरतात आणि दुखापतीच्या जागेपासून नव्याने वाढत खाली येतात. उंदरात हे दिवसाला काही मिलिमीटर, माणसात साधारण एकच मिलिमीटर. वाटेत आधी पोटरीचे स्नायू लागतात, पंजातले बारीक स्नायू अगदी शेवटी. पोटरी परत आली की उंदीर टाच उचलून चालायला लागतो आणि लांबट झालेला ठसा आखूड होतो. बोटं फाकवणारे स्नायू पंजातच असतात, म्हणून ती सगळ्यात उशिरा उघडतात. ती उघडली की समजायचं, तंतू शेवटपर्यंत पोचले.

आता १४ नंबरच्या उंदराची गोष्ट. डावी सायटिक दाबलेली होती, म्हणजे नर्व्हची बाहेरची नळी शाबूत, फक्त आतले तंतू तुटलेले. असा प्राणी साधारण महिन्याभरात चालीला लागतो. तिसऱ्या आठवड्यात काचेवरून तो सरळ, न थांबता गेला. यंत्राने दिलेले आकडे बघून माझी सहकारी म्हणाली, “ताई, हा तर बरा झाला.” पावलांचा क्रम नियमित, पाय हवेतून पुढे यायचा वेग चांगल्या पायाइतका, ढांगेची लांबी सारखी. मला चित्रात पंजा जरा अरुंद वाटत होता. मी त्याला उचललं, अंग हातावर तोललं आणि मागचे पाय मोकळे सोडले. असं केलं की निरोगी उंदीर दोन्ही पंजे पंख्यासारखे उघडतो. उजवा पंजा उघडला, पाचही बोटं ताणून. डावा मिटलेलाच राहिला. बोटं एकमेकांना चिकटून, किंचित आत वळलेली, कागदाची घडी घातल्यासारखी. मी अंगठ्याने तळवा जरा हलवून बघितला, बोटं तशीच.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याने जे मोजलं ते बरोबरच होतं. उंदीर कंबरेने, दुसऱ्या पायाने, पुढच्या पायांनी सांभाळून घेतो आणि चालायचा मार्ग काढतो. पावलांचा क्रम हा खरं तर पाठीच्या कण्यातल्या जोडणीचा हिशोब आहे, आणि इथे ती जोडणी शाबूतच होती. म्हणून मेरुदंडाच्या दुखापतीत हा क्रम इतकं सांगतो आणि सायटिकमध्ये इतकं कमी. विकायला येणारे लोक दाखवण्याच्या कार्यक्रमात नेमका हाच आकडा पुढे करतात, कारण तो टक्क्यांत असतो, निरोगी प्राण्यात जवळजवळ १०० असतो आणि कळायला सोपा असतो. सायटिकवर काम करत असाल तर त्याच्यावर फार विसंबू नका. नर्व्ह पूर्ण कापून शिवलेले उंदीर आठव्या आठवड्यात हा आकडा छान देतात आणि त्यांची बोटं मात्र मिटलेलीच असतात. त्यांच्यातले बरेच शेवटपर्यंत पूर्ण उघडत नाहीत.

यंत्राचं मोल मग कशात आहे? वेळेत. पाय किती वेळ टेकला, किती वेळ हवेत राहिला, कुठल्या क्षणी किती जोर पडला. कागद यातलं काहीच सांगत नाही. दुखावलेल्या पायाचा टेकण्याचा वेळ पहिल्या आठवड्यात खूप कमी होतो, मग वाढत जातो, आणि त्या वाढीचा आलेख मला ठशांच्या मापापेक्षा आधी हालचाल दाखवतो. दुसरं म्हणजे अगदी सुरुवातीचे दिवस. तेव्हा शाईचा ठसा नुसता फराटा असतो, त्यात बोट कुठलं आणि टाच कुठली हे कळत नाही, आणि आम्ही सरळ उणे १०० लिहून मोकळे होत असू. काचेवर तोच पंजा कडेवर टेकतोय की पालथा पडून ओढला जातोय, हे स्पष्ट दिसतं. याच एका गोष्टीसाठी मी यंत्राला पूर्ण गुण देते.

जोराच्या आकड्याबद्दल मात्र सांभाळून. पंजा किती उजळला यावरून यंत्र जोर ठरवतं. पाय कमी टेकवण्याची कारणं दोन असू शकतात, स्नायूत ताकद नाही किंवा पाय दुखतोय. १९८८ मध्ये बेनेट आणि झी यांनी नर्व्हभोवती सैल टाके घालून वेदनेचं मॉडेल तयार केलं. त्या उंदरांनाही पाय टेकवायला नको असतो. काचेला यातला फरक कळत नाही. म्हणून आमच्याकडे चालीच्याच दिवशी, पण चालून झाल्यावर, व्हॉन फ्रेच्या केसांनी, म्हणजे ठरावीक जोराला वाकणाऱ्या बारीक तंतूंनी, तळव्याची संवेदना तपासतो. चालीच्या आधी ती कधीच करू नका. तळव्याला टोचलेला उंदीर पुढे काचेवर दबकत जातो.

आता खरी तक्रार. गेल्या वर्षी बारा आठवड्यांच्या एका कामात मधेच हिरव्या दिव्याची पट्टी गेली. कंपनीच्या माणसाने येऊन नवी बसवली, सॉफ्टवेअरमधली मांडणी तीच आहे ना बघितलं आणि “सगळं पूर्वीसारखं” असं सांगून तो गेला. पुढच्या मंगळवारी उपचार दिलेल्या गटाचा जोर एकदम वाढलेला. सगळे खूश. मी शॅम गटाचे आकडे काढले, म्हणजे ज्यांची नर्व्ह नुसती उघडी करून, न दुखावता, जखम परत शिवली होती ते. त्यांचाही जोर तेवढाच वाढला होता. त्यांना तर काही झालेलंच नव्हतं. नवी पट्टी जुनीपेक्षा उजळ होती, एवढीच गोष्ट. दोन आठवड्यांचे जोराचे आणि ठशाच्या क्षेत्रफळाचे आकडे टाकून द्यावे लागले, कारण कुठल्या उजेडापुढे ठसा धरायचा तो उंबरठाही त्याच प्रकाशावर बसवलेला असतो. कंपनीला मी चित्रं पाठवून विचारलं. पहिल्या तीन उत्तरांत त्यांनी मला कॅमेरा पुसायला सांगितलं. चौथ्यांदा कुठे कबूल केलं की पट्टी बदलली की प्रकाश नव्याने जुळवून घ्यावा लागतो. हे पुस्तिकेत नाही. त्या दोन आठवड्यांसाठी चोवीस प्राणी काचेवर चालले होते, त्यांचे श्रम वाया गेले, आणि हे मला अजून सलतं. प्राणी कमीत कमी वापरायचे, हा नियम रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच मांडलाय. वापरलेल्या प्राण्याचा आकडा निष्काळजीपणाने गमावला तर तो नियम आपण कसा पाळला म्हणायचा?

तेव्हापासून दर मंगळवारी पहिला उंदीर सोडायच्या आधी मी काचेवर एक ठरलेलं वजन ठेवते. रबराचा तळ असलेलं, नेहमी तेच, नेहमी त्याच तीन जागी. त्याचा उजेड वहीत लिहिते. पाच मिनिटांचं काम आहे. यंत्रात हे बसवूनच द्यायला हवं होतं.

सॉफ्टवेअर ठसे आपोआप ओळखतं, हे खरं आणि अर्धं खरं. निरोगी उंदरात ते बहुतेक बरोबर असतं. दुखावलेल्या पायात, म्हणजे जिथे आपल्याला गरज आहे तिथेच, ते गोंधळतं. ओढला जाणारा पंजा दोन ठसे म्हणून मोजतं, खाली टेकलेल्या पोटाला पंजा समजतं. लघवीचा थेंब काचेवर पडला की तोही पंजासारखाच उजळतो, आणि एकदा आमच्या नोंदीत एका उंदराला चार पायांबरोबर पाचवा ठसाही होता. प्रत्येक फेरी माणसाने बघून दुरुस्त करावीच लागते. पहिल्या दोन आठवड्यांच्या फेऱ्यांना मला एकेकीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दुरुस्त करणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटाचा हे माहीत नसावं. यंत्र आहे म्हणजे पक्षपात होणार नाही असं समजून आमच्याकडे सुरुवातीला फायलींना गटाचीच नावं दिली होती. मी ती बदलून नुसते आकडे केले, आणि यादी तिसऱ्याच माणसाकडे ठेवली.

प्रत्येक फेरीनंतर काच पुसायची, आणि पूर्ण वाळू द्यायची. ओल राहिली की पुढचा ठसा फुगतो.

वेगाबद्दल दोन शब्द. उंदीर जितका जोरात जाईल तितका पाय टेकण्याचा वेळ कमी, हे दुखापतीशिवायही. म्हणून यंत्र ठरलेल्या मर्यादेतल्या आणि न थांबता झालेल्या फेऱ्याच मान्य करतं, तशा तीन मिळवाव्या लागतात. न शिकवलेला उंदीर मधेच थांबतो, वास घेतो, मागे वळतो. शस्त्रक्रियेच्या आधी किमान आठवडाभर रोज सवय लावा. अंधारात, त्याच माणसाने, पलीकडे त्याचा स्वतःचा पिंजरा ठेवून. ही सवय लावणं आम्ही पहिल्या खेपेला घाईत उरकलं आणि पुढे चार-चार तास काचेपाशी बसून काढले. आणि वाढीचा हिशोब विसरू नका. अडीचशे ग्रॅमचा नर बारा आठवड्यांत चारशेच्या पुढे जातो, पंजाही मोठा होतो. ठसा मोठा झाला म्हणजे पाय सुधारला असं नाही. दुसऱ्या पायाशी तुलना करावी, तर तोही जास्तीचा भार उचलत असतो. म्हणून शॅम गट हवाच.

बोटांची मापं यंत्रसुद्धा देतं आणि एसएफआय काढूनही देतं. पण मी ते हाताने काढते. यंत्राने बोटाचं टोक कुठे धरलं हे उजेडावर ठरतं, आणि हलक्या टेकलेल्या पाचव्या बोटाचं टोक ते बऱ्याचदा सोडून देतं. वर सांगितलंच, १ मिलिमीटर म्हणजे ७ अंक. चालायला कुरकुरणाऱ्या प्राण्यांसाठी मी उभ्या उंदराचं खालून चित्र घेते आणि २००० मध्ये बर्व्हार यांनी दिलेलं स्थिर निर्देशांकाचं सूत्र वापरते. त्यात ठशाची लांबी नाही, फक्त बोटांची दोन अंतरं. त्याला काच आणि साधा कॅमेरा पुरतो.

लहान उंदरांवर, म्हणजे माउसवर, काम करणाऱ्यांनी मोठ्या उंदराचं सूत्र तसंच वापरू नये. त्यांच्यासाठी १९९८ मध्ये वेगळं सूत्र दिलं गेलंय. आणि चाल डोळ्यांनी बघून ० ते २१ गुण देणारी बीबीबी मोजपट्टी सायटिकसाठी वापरलेली दिसली की मला वाईट वाटतं. १९९५ मधली ती मोजपट्टी पाठीच्या कण्याच्या दुखापतीसाठी बनवलेली आहे आणि तिथे ती उत्तम आहे.

काही प्राण्यांत मात्र काच, कागद, सगळंच थांबतं. संवेदना गेलेल्या पंजाची बोटं उंदीर स्वतः कुरतडतो. बोटच नसेल तर अंतर कशाचं मोजणार? लुईस जातीत हे कमी होतं, म्हणून कापून शिवायच्या लांबच्या कामाला आम्ही तीच जात घेतो. काहींचे स्नायू आखडून बोटं कायमची वळतात. तंतू पोचलेले असतात, पण पंजा उघडत नाही, आणि एसएफआय खाली राहतो. अशा वेळी शेवटच्या दिवशी स्नायूचा ताण मोजल्याशिवाय आणि पोटरीचा स्नायू वजन केल्याशिवाय मी काही बोलत नाही. चालीचा आकडा, स्नायूचा जोर आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले तंतू नेहमी एकमेकांशी जुळतातच असं नाही.

पैसा कमी असेल तर? साध्या कॅमेऱ्याने बाजूने चित्रण करून चित्रणातले सांधे ओळखून त्यांचा माग ठेवणारं डीपलॅबकटसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं, २०१८ पासून ते उपलब्ध आहे. घोट्याचा कोन त्यात काचेपेक्षा चांगला मिळतो, कारण काच खालूनच बघते. मात्र ते शिकवायला चित्रांवर खुणा कराव्या लागतात, आणि तसं चांगलं संगणकयंत्र लागतं. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने हे उभं केलं आणि आता दर मंगळवारी दोन्ही चालू असतं.

माझ्याकडून यंत्राला पाचापैकी साडेतीन. पूर्ण एक गुण प्रकाशाच्या पट्टीचा आणि त्या चार उत्तरांचा गेला, अर्धा आपोआप ओळखण्याच्या बढाईचा. ज्यांच्याकडे शाईचे ठसे नीट मोजणारा एकही माणूस नाही, त्यांनी आधी सहा महिने कागदावर काम करावं आणि मग हे घ्यावं. मेरुदंडावर काम असेल तर आजच घ्या. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगा की आमचा दुखावलेला उंदीर आम्हीच आणू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा, पाय ओढणारा, आणि त्याच्या फेऱ्या आमच्यासमोर दुरुस्त करून दाखवा. निरोगी उंदीर सगळ्यांच्याच काचेवर सुंदर चालतो. पट्टी बदलल्यावर प्रकाश जुळवायची रीत लेखी मागा. कच्ची चित्रफीत दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते का हे विचारा, आमच्या पहिल्या आवृत्तीत येत नव्हती.

१४ नंबरची बोटं पाचव्या आठवड्यात उघडली. त्या मंगळवारी काचेवरचे त्याचे सगळे आकडे आदल्या आठवड्यासारखेच होते. मी त्याला उचललं आणि डाव्या पंजाचं पाचवं बोट थरथरत बाहेर सरकलं.